पोल पोझिशन

पोल पोझिशन म्हणजे शर्यत सुटताना सगळ्यात फायद्याची जागा. आज हा शब्द ऐकला की आधी फॉर्म्युला वनच आठवते, क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे जागा ठरवायच्या आधीच्या फेरीत, सगळ्यात फास्ट लॅप मारली की मेन रेसला गाडी ग्रिडवर, म्हणजे सुटायच्या रांगांत, एक नंबरला उभी. त्यावरून मग कंपनीच्या टेंडरपासून निवडणुकीपर्यंत कोणीही जरा पुढे असला की तो पोल पोझिशनला आहे असं सर्रास लिहितात. आपल्याकडे एक्झिट पोलमुळे बऱ्याच जणांना हा पोल मतदानातला वाटतो, तसं अजिबात नाहीये, हा पोल म्हणजे सरळसरळ खांब आणि तोही रेसकोर्सवरचा.

१९ व्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीत हा शब्दप्रयोग रुळला. तिथे ट्रॅकच्या आतल्या कुंपणाला लागून अंतर दाखवणारे खांब असतात, म्हणजे क्वार्टर पोल आला की फिनिश लाइन पाव मैलावर, हाफ पोल आला की अर्ध्या मैलावर. या खांबांच्या सगळ्यात जवळ जो घोडा उभा त्याच्याकडे पोल आहे असं म्हणायचे. लक्षात घ्या, यात पुढे असण्याचा काही संबंधच नव्हता, घोडे सगळे एकाच रांगेतून सुटतात, प्रश्न फक्त आत कोण आणि बाहेर कोण एवढाच. आणि आत असण्याचा फायदा अगदी मोजता येतो. एक पूर्ण फेरी मारताना तुम्ही आतल्या घोड्यापेक्षा १ मीटर बाहेरून पळालात तर साधारण ६.२८ मीटर जास्त पळावं लागतं, ट्रॅक लहान असो की मोठा, वर्तुळाच्या गणितामुळे हा आकडा तोच राहतो. एक घोडा नाकापासून शेपटीपर्यंत साधारण अडीच मीटरचा धरला तर हा झाला अडीच घोड्यांचा फरक, आणि कित्येक रेस तर नुसत्या नाकाच्या फरकाने जिंकल्या जातात.

पण आतली जागा म्हणजे जिंकलेच असंही नाही. अमेरिकेतल्या केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीला जास्तीत जास्त २० घोडे पळतात, सुटल्यावर सगळे आत घुसायला बघतात आणि एक नंबरचा, म्हणजे सगळ्यात आतल्या गेटचा, बिचारा कुंपणाला चेपला जातो. १९८६ ला फर्डिनांड त्या जागेवरून जिंकला, त्यानंतर २०२५ पर्यंत तिथून दुसरा कोणीच जिंकलेला नाही. आपल्या महालक्ष्मीला रेस बघायला जाणारे लोकही घोड्याचा फॉर्म बघतात तसा ड्रॉ बघतात, म्हणजे सोडतीत त्याला कुठला गेट नंबर आलाय ते.

मोटार रेसिंग सुरू झालं तेव्हा अमेरिकेत बऱ्याच गाड्या घोड्यांच्याच मातीच्या ट्रॅकवर पळायच्या, त्यामुळे शब्दही सोबत आला. मात्र जागा मिळवायची पद्धत हळूहळू बदलली. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० या ५०० मैलांच्या मोटार शर्यतीला ज्याची एंट्री आधी आली त्याला आधीची जागा असा हिशोब होता, लुईस स्ट्रँगची एंट्री पहिली म्हणून त्याला पहिली जागा, आणि रेस जिंकली २८ व्या जागेवरून सुटलेल्या रे हॅरूनने. तिथे १९१५ पासून स्पीडवर जागा ठरायला लागल्या. युरोपात ग्रां प्रीला, म्हणजे तिथल्या मोठ्या मोटार शर्यतींना, चिठ्ठ्या टाकायचे, १९३३ च्या मोनॅकोला पहिल्यांदा प्रॅक्टिसच्या टायमिंगवरून ग्रिड लावली, पोलला होता अकिले वार्झी आणि जिंकलाही तोच. माझ्या मते खरा बदल हाच, आधी पोल नशिबाने मिळायची, आता ती कमवावी लागते.

अर्थही सरकला, ‘आतली’ जागा होती ती ‘पहिली’ जागा झाली. इंडियानापोलिसला अजून दोन्ही अर्थ जुळतात, तीन-तीन गाड्यांच्या रांगा आणि पहिल्या रांगेत सगळ्यात आतली ती पोल. पण जपानमधल्या सुझुकाच्या फॉर्म्युला वन रेसला १९९० ला काय झालं ते बघा. आयर्टन सेनाने पोल मिळवली, पोलची जागा होती उजवीकडे आणि पहिलं वळणही उजवंच, म्हणजे जुन्या हिशोबाने एकदम मस्त जागा. प्रॉब्लेम असा की गाड्या नेहमी डाव्या बाजूने जातात, तिथे टायरचं रबर बसून पकड चांगली मिळते आणि उजवीकडे नुसती धूळ. सेनाने पोल डावीकडे द्या म्हणून मागणी केली, ती मान्य झाली नाही. दुसऱ्या नंबरवरचा ॲलन प्रॉस्ट स्वच्छ बाजूने सुटला आणि सरळ पुढे गेला, सेना आतून घुसला, पहिल्याच वळणावर दोघंही बाहेर, आणि गुणांत सेना आधीच पुढे असल्यामुळे तिथेच त्याचं वर्ल्ड टायटल पक्कं झालं. पुढच्या वर्षी त्याने हे मुद्दाम केल्याचं स्वतःच सांगितलं. टक्कर मारणं चूकच होतं, त्याचं समर्थन करता येत नाही, पण सगळ्यात फास्ट ड्रायव्हरला वाईट बाजू द्यायची हेही मला पटत नाही.

१९९७ ला स्पेनमधल्या हेरेथला तर क्वालिफाइंगमध्ये व्हिलनव्ह, शूमाखर आणि फ्रेंट्झन तिघांचा टाइम १:२१.०७२, हजारावा भागही सारखा, मग ज्याने आधी मारला त्याला पोल म्हणून व्हिलनव्ह. भारतात ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ तीन ग्रां प्री झाल्या, तिन्ही पोल सेबास्टियन व्हेटलच्या आणि तिन्ही रेसही त्याच्याच. उलट १९८३ ला लाँग बीचला जॉन वॉटसन २२ व्या जागेवरून जिंकला, फॉर्म्युला वनमध्ये इतक्या मागून दुसरं कोणी जिंकलेलं नाही. सगळ्यात जास्त पोल लुईस हॅमिल्टनच्या, शंभराच्या वर, त्याच्यामागे शूमाखर ६८ आणि सेना ६५.

२०२१ ला स्प्रिंट रेस आल्या, म्हणजे मेन रेसच्या आदल्या दिवशीची छोटी रेस, जिच्या निकालावरून तेव्हा मेन रेसच्या जागा ठरायच्या, आणि पोल कोणाची यावरच गोंधळ झाला. सिल्व्हरस्टोनला क्वालिफाइंगमध्ये फास्ट होता हॅमिल्टन, पण स्प्रिंट जिंकली व्हरस्टॅपनने म्हणून रेकॉर्डमध्ये पोल त्याच्या नावावर. चाहत्यांना हे अजिबात आवडलं नाही, आणि २०२२ पासून स्प्रिंट कोणीही जिंको, पोलची नोंद क्वालिफाइंगमध्ये जो सगळ्यात फास्ट त्याच्याच नावावर करायचं ठरलं.