मुख्य खेळाडूंना विश्रांती (अमेरिकन फुटबॉल)

बाद फेरीतले स्थान आधीच पक्के झाल्यावर संघाने साखळीच्या शेवटच्या एक-दोन सामन्यांत आपले मुख्य खेळाडू न खेळवण्याची, किंवा थोडा वेळ खेळवून बाहेर काढण्याची अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) प्रथा. येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन, अंगावर धडका झेलत खेळायचा अमेरिकन खेळ. ही प्रथा योग्य की अयोग्य, हा वाद या धडकांमधूनच जन्मतो.

2021 पासून प्रत्येक संघ साखळीत 17 सामने खेळतो. त्यानंतरच्या बाद फेरीत एक सामना हरला की हंगाम संपला. लीगच्या दोन्ही कॉन्फरन्समधून (मोठ्या गटांमधून) सात-सात संघ तेथे पोहोचतात आणि 2020 च्या हंगामापासून फक्त अव्वल मानांकित संघाला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. मानांकन ठरून गेले, की शेवटच्या सामन्यात हरूनही संघाचे काही बिघडत नाही. दुखापतीने मात्र सगळेच बिघडू शकते. 3 जानेवारी 2010 रोजी ह्यूस्टनमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या वेस वेल्करचा गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक, 123 झेल त्याच्या नावावर होते आणि विभागाचे (कॉन्फरन्समधल्या छोट्या गटाचे) विजेतेपद संघाने आधीच मिळवले होते. पुढच्याच आठवड्यात बाल्टिमोर रेव्हन्सने पेट्रियट्सना त्यांच्याच मैदानावर 33-14 असे हरवले.

सगळ्यांना विश्रांती देणे शक्यही नसते. संघात 53 खेळाडू, सामन्याच्या दिवशी त्यातले जास्तीत जास्त 48 उपलब्ध, आणि आक्रमण व बचाव मिळून मुख्य खेळाडू 22. म्हणून क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमणाची सूत्रे हाताळणारा खेळाडू) आणि दोन-चार मोलाचे खेळाडू बाकावर बसतात. बाकीच्यांना धडका खाव्याच लागतात. या चर्चेत त्यांचा विचार फारसा होत नाही, आणि तो व्हायला हवा.

सर्वांत कडवट वाद 2009 च्या हंगामातला. इंडियानापोलिस कोल्ट्स 14-0 असे अपराजित होते. 1972 च्या मायामी डॉल्फिन्सनंतर साखळी आणि बाद फेरी मिळून एकही सामना न हरणारा संघ झालेला नव्हता. 27 डिसेंबरला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध 15-10 अशी आघाडी असताना तिसऱ्या सत्रात प्रशिक्षक जिम काल्डवेल यांनी क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला बाहेर काढले आणि पहिल्याच हंगामातल्या कर्टिस पेंटरला उतरवले. जेट्स 29-15 असे जिंकले. साखळीतली सलग 23 विजयांची मालिका तुटली आणि घरच्याच प्रेक्षकांनी संघाची हुर्यो उडवली. कोल्ट्स पुढे सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, त्यामुळे विश्रांती वाया गेली असे म्हणता येत नाही. तरीही ते प्रेक्षक चुकले नव्हते. अपराजित हंगामाची संधी पुन्हा मागून मिळत नाही, आणि ती मैदानावर झुंजून हातची जाणे व बाकावर बसून जाणे यांत फार अंतर आहे. त्याच्या दोन वर्षे आधी न्यूयॉर्क जायंट्सचे प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनी नेमके उलट केले होते. मानांकन ठरलेले असूनही 29 डिसेंबर 2007 रोजी त्यांनी अपराजित पेट्रियट्सविरुद्ध पूर्ण ताकदीचा संघ उतरवला. काही खेळाडू जायबंदी झाले, सामनाही 35-38 असा गेला. पण 3 फेब्रुवारी 2008 रोजी सुपर बोलमध्ये त्याच पेट्रियट्सना जायंट्सनी 17-14 असे हरवले.

विश्रांतीने खेळाडूंची लय बिघडते, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप. पुढे चाल मिळालेल्या संघात ही रजा तीन आठवड्यांच्या घरात जाते. 2019 च्या हंगामात रेव्हन्सचा लमार जॅक्सन 20 दिवसांनी मैदानात उतरला आणि संघ टेनेसी टायटन्सकडून 28-12 असा हरला. 2024 च्या हंगामात कॅन्सस सिटी चीफ्सचा पॅट्रिक माहोम्स 24 दिवसांनी उतरला आणि ह्यूस्टनविरुद्ध 23-14 असा जिंकला. एकेका सामन्यावरून नियम काढणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. त्याच हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सच्या सॅक्वॉन बार्कलीच्या नावावर धावून मिळवलेले 2,005 यार्ड होते. एरिक डिकरसनचा 1984 मधला 2,105 यार्डांचा विक्रम मोडायला 101 यार्ड हवे होते, तरी शेवटच्या सामन्यात त्याला बसवले गेले. विक्रम राहिला, 9 फेब्रुवारी 2025 रोजी ईगल्स 40-22 असे सुपर बोल जिंकले. हरलेल्या चीफ्सनीही विश्रांती घेतलेलीच होती.

तिसऱ्याच संघावर होणारा अन्याय हा या प्रथेचा सर्वांत गंभीर दोष. 2009 मध्ये जेट्स अवघ्या 9 विजय, 7 पराभव अशा कामगिरीवर बाद फेरीत आले, त्यात कोल्ट्सच्या त्या निर्णयाचा वाटा होता. 2010 पासून लीगने शेवटच्या आठवड्यातले सर्व सामने एकाच विभागातल्या संघांमध्ये ठेवले, जेणेकरून जास्त सामन्यांत काहीतरी पणाला लागलेले असावे. उपाय चांगला, पण अपुरा. 5 जानेवारी 2025 रोजी चीफ्स आपल्याच विभागातल्या डेन्व्हर ब्रॉंकोजकडून राखीव खेळाडूंनिशी 38-0 असे हरले. डेन्व्हर बाद फेरीत गेले, आणि आदल्या दिवशी पिट्सबर्गमध्ये 19-17 असा सामना जिंकून वाट पाहत बसलेले सिनसिनाटी बेंगल्स बाहेर पडले.