कारखान्याच्या ताफ्यात टग कशी आली

वडोदऱ्याहून समुद्र दिसत नाही, पण इथल्या कारखान्यांचा माल तिथूनच येतो-जातो. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली ती अंकलेश्वरच्या तेलावर. १९७८ पासून टँकरने आलेलं क्रूड कच्छच्या आखातातून सलाया-कोयली पाइपलाइनने येऊ लागलं. त्याच्याही आधी, बडोदा संस्थानाच्या ओखामंडळात ओखा बंदर १९२६ मध्ये सुरू झालं आणि शेजारी मिठापूरला १९३९ मध्ये टाटा केमिकल्स उभी राहिली. धक्का असो वा तेलाचा बोया (टँकर बांधायचा तरंगता ठोकळा), मोठ्या जहाजाला तिथे सांभाळायला टग, म्हणजे जहाजं ओढणारी-ढकलणारी छोटी पण ताकदवान बोट, लागतेच, आणि तिचं नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येतं.

टगची सुरुवात कालव्यात झाली. मार्च १८०३ मध्ये स्कॉटलंडच्या फोर्थ-क्लाइड कालव्यात विल्यम सिमिंग्टनच्या ‘शार्लट डंडास’ या वाफेच्या बोटीने प्रत्येकी ७० टनांच्या दोन बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, सुमारे ३० किलोमीटर ओढल्या, तेही समोरून जोराचा वारा असताना. लाटांनी काठ ढासळतील या भीतीने ती पुढे वापरली गेली नाही. १८१७ मध्ये ‘टग’ नावाचीच चाकाची आगबोट निघाली आणि तेच नाव पुढे अख्ख्या जातीला पडलं.

उद्योगांनी स्वतःच्या टग ठेवायला सुरुवात केली ती डेमरेजपायी. जहाज ठरल्यापेक्षा जास्त दिवस अडकलं की त्याचा दंड माल मागवणाऱ्यावर बसतो. नवलखी, बेडी, मगदल्ला अशा ठिकाणी मोठं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि कोळसा, मीठ, बॉक्साइट बार्जमधून ने-आण होते. स्वतःचं इंजिन नसलेली बार्ज भरतीच्या वेळीच आत-बाहेर करता येते. ती वेळ चुकली की पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास ताटकळायचं. अशा वेळी भाड्याची टग दुसऱ्याच्या कामावर असेल तर सगळं गणित कोलमडतं. तेल कंपन्या तर आणखी पुढे गेल्या. अँग्लो-अमेरिकन ऑइल कंपनीचा ‘इरोक्वॉइ’ हा टँकर पहिल्या महायुद्धाच्या आधी ‘नॅव्हाहो’ ही तेलाची भली मोठी शिडाची बार्ज मागे बांधून अटलांटिक ओलांडत असे. टगचं काम टँकरच करत होता.

जुन्या टगला एकच पंखा आणि टोइंग हुक, म्हणजे ओढीचा दोर अडकवायचा आकडा, जवळजवळ मध्यावर. हुक मागे नेला तर टग वळेना, मध्यावर ठेवला तर ती आडवी व्हायचा धोका. जहाजाने अचानक वेग घेतला किंवा ते वळलं की दोर टगच्या कुशीवर येतो, टग बाजूने फरफटते आणि काही सेकंदांत कलंडते. इंग्रजीत याला गर्टिंग म्हणतात. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४ नॉटचे ६ झाले की ओढ सव्वादोनपट होते. त्यासाठीच मागच्या बाजूला गॉब रोप नावाच्या आखूड दोराने ओढीचा दोर खाली जखडतात, हुकची तातडीची सुटका कामाआधी तपासतात आणि डेकची जलरोधक दारं बंद ठेवतात. इंजिनरूममध्ये उकडतं म्हणून उघडं ठेवलेलं एक दार पुरतं. टग कलली की त्यातूनच पाणी आत येतं.

यावरचा खरा उपाय म्हणजे ओढीची जागाच बदलणं. १९२० च्या दशकात अर्न्स्ट श्नायडर यांनी उभ्या पात्यांचा पंखा आणला. तो पुढच्या भागाखाली बसवलेली ट्रॅक्टर टग १९५० च्या दशकात आली. १९३० च्या दशकात लुडविग कॉर्ट यांनी पंख्याभोवती नळकांडं बसवून त्याच इंजिनातून जास्त ओढ काढली. पुढे ३६० अंशांत फिरणारे दोन पंखे मागे बसवलेल्या टग रूढ झाल्या. त्या पुढच्या विंचवरून दोर देतात आणि पुढे-मागे जवळजवळ सारख्याच ताकदीने ओढतात. तेव्हापासून नुसते हॉर्सपॉवर विचारणं अपुरं पडू लागलं. टग किनाऱ्यावरच्या बोलार्डला, म्हणजे जहाजं बांधायच्या खुंट्याला, बांधून किमान ५ मिनिटं टिकलेली सरासरी ओढ टनांत मोजतात, तो बोलार्ड पुल. साध्या पंख्याला १०० हॉर्सपॉवरमागे साधारण १ टन मिळतो, नळकांड्यात त्याहून बराच जास्त.

समुद्रातल्या तेलाच्या बोयावर काम आणखी वेगळं. टँकर बोयाला नाकाने बांधलेला असतो. वारा पडला किंवा प्रवाह फिरला की तो पुढे सरकून बोयावर आदळू शकतो, तरंगते होस चिरडू शकतो. म्हणून टग मागून दोर बांधून त्याला सतत हलकेच मागे खेचत राहते. हे काम तासन्‌तास चालतं, आणि दोर घासून कमजोर होतो तो इथेच, जहाजाच्या फेअरलीडपाशी, म्हणजे दोर बाहेर काढायच्या कडेच्या खाचेपाशी. पूर्वी तारेचा दोर असे. आता उच्च मॉड्युलसच्या (ताण पडला तरी फार न ताणणाऱ्या) पॉलिथिलीनचा वापरतात; तो तेवढाच मजबूत, बराच हलका आणि पाण्यावर तरंगणारा. मात्र उष्णता आणि धारदार कडा त्याला मुळीच सोसत नाहीत.

खंभातच्या आखातात, दहेजला, उधाणाचा प्रवाह फार जोरकस असतो. तिथे २००४ पासून एलएनजीची, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूची, जहाजं येतात. त्यांना लागणाऱ्या ताकदवान टग, प्रशिक्षित सारंग-खलाशी, नियमित ड्रायडॉक आणि आग विझवण्याच्या तोफा हे सगळं बाळगणं एका कारखान्याला जड जातं. त्यामुळे मालकीची टग मागे पडून टग चालवणाऱ्या कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार होऊ लागले. करारात आता किमान बोलार्ड पुल लिहिलेला असतो, आणि एक टग दुरुस्तीला गेली तर बदली टग कोण देणार, हेही.