ताळेबंद उघडा, भाव मात्र अनिश्चित

कंपनीचा तिमाही नफा वाढल्याची आणि त्याच दिवशी तिचा शेअर घसरल्याची बातमी शेजारी-शेजारी छापून आली, की हिशेबात काहीतरी लपवाछपवी असणार किंवा बाजार हा निव्वळ जुगार असणार, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. वास्तविक हिशेब पै-पैचा खरा असला, तरीही भाव अनिश्चितच राहतो.

ताळेबंद ही घडून गेलेल्या व्यवहारांची नोंद असते. शेअर घेणारा मात्र पुढे हाती येणाऱ्या पैशाचे आजचे मोल ठरवत असतो. त्याचे सर्वांत साधे सूत्र म्हणजे पुढच्या वर्षीच्या लाभांशाला, म्हणजे कंपनी नफ्यातून भागधारकांना वाटते त्या रकमेला, अपेक्षित परताव्याच्या दरातून लाभांशवाढीचा दर वजा करून उरणाऱ्या संख्येने भागणे. लाभांश 10, अपेक्षित परतावा 12 टक्के आणि वाढ कायम 8 टक्के धरल्यास छेदात 0.04 उरतो आणि किंमत 250 येते. वाढ 9 टक्के धरली तर हीच किंमत सुमारे 333 होते आणि 7 टक्के धरली तर 200. अंश तसूभरही हललेला नाही. सगळी करामत छेदाची आहे. जवळजवळच्या दोन संख्यांची वजाबाकी लहान उरते आणि त्या लहान संख्येने भागताना अंदाजातली किरकोळ चूकही कित्येक पटींनी फुगते. येत्या अनेक दशकांची वाढ 7 टक्के असेल की 8, हे कोणताही लेखापरीक्षक प्रमाणित करू शकत नाही. शिवाय व्याजदर बदलले की अपेक्षित परतावाही सरकतो, तो वेगळाच.

जे सर्वांना ठाऊक आहे, ते भावात आधीच उतरलेले असते. नफा 20 टक्के वाढेल असे बाजाराने धरले असताना तो 15 टक्केच वाढला, तर ती वाढ असूनही निराशा ठरते. अपेक्षा नीट बांधलेल्या बाजारात भावांची चाल यादृच्छिक, म्हणजे कोणताही ठरावीक क्रम नसलेली दिसते, हे अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी 1965 मध्ये गणिताने दाखवले. उद्याची तेजी खात्रीने कळली असती तर खरेदी आजच झाली असती; ग्रहयोग पाहून भाव सांगणाऱ्यांना एवढी साधी अडचण कधी पडत नाही.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी 1981 मध्ये मात्र असे दाखवले, की लाभांशांतील चढउतारांच्या मानाने भाव फारच अधिक हेलकावतात. त्यांनी त्याचे कारण गुंतवणूकदारांच्या मानसिकतेत शोधले. त्यांचे मूळ गणित अपेक्षित परतावा स्थिर धरून मांडलेले होते, आणि तोच काळानुसार बदलत असेल तर या हेलकाव्यांचा बराचसा भाग पुन्हा छेदाच्याच खात्यावर जमा होतो, असे त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे आहे.