'मागा म्हणजे मिळेल' या वचनाविषयीचा गैरसमज

'मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल' या बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातील ७व्या अध्यायातील वचनाचा अर्थ वर्षानुवर्षे असा सांगितला जातो, की विश्वास भक्कम असेल तर मागितलेले हमखास मिळते आणि न मिळाल्यास मागणाऱ्याचा विश्वासच उणा ठरतो. आजारी लेकराच्या उशाशी रात्र जागवणाऱ्या आईला हे ऐकवले, की तिच्या दुःखात अपराधीपणाची भर पडते, म्हणून हा खुलासा.

त्याच अध्यायात पुढे, मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप त्याच्या हातावर धोंडा ठेवील, असे येशू विचारतो आणि स्वर्गीय पिता 'चांगल्या' देणग्या देतो असे सांगतो. चांगले काय, हे तेथे पिता ठरवतो. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राचा ४था अध्याय हेतूकडे बोट दाखवतो: स्वतःच्या चैनीवर उधळण्यासाठी मागितलेले मिळत नाही.

मात्र प्रत्येक नकारामागे मागणाऱ्याचा खोटा हेतू शोधणेही तितकेच चुकीचे आहे. 'देहातला काटा', म्हणजे सतत छळणारी व्यथा, दूर व्हावा म्हणून येशूचा प्रेषित पौल याने प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' असे उत्तर मात्र मिळाले.

नम्रता म्हणजे मागणेच सोडून देणे, असेही नव्हे. वधस्तंभावरील मृत्यूच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूने जमिनीवर पालथे पडून, हा (दुःखाचा) प्याला टळून जावो, असे उघडपणे मागितले आणि त्याच प्रार्थनेत, माझ्या नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हटले.