न्यायाधीन बंदी (विदर्भाचा ग्रामीण भाग)

न्यायाधीन बंदी : खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी न्यायालयाच्या आदेशाने कारागृहात ठेवलेला आरोपी. बोलीत त्याला कच्चा कैदी म्हणतात. शिक्षा झाली की तो पक्का होतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे दर चारांत तीन, कच्चे होते. दोष सिद्ध होईपर्यंत कायदा या सर्वांना निर्दोषच मानतो.

पोलीस आणि कारागृहे हे राज्य शासनाचे विषय आहेत. फौजदारी कामकाज १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालते. गावातला गुन्हा पोलीस पाटलाकडून किंवा थेट फिर्यादीकडून ठाणेदारापर्यंत पोचतो. अटक झाल्यास प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. तिथे पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळतो, तो जास्तीत जास्त १५ दिवसांचा. त्यानंतर एमसीआर (न्यायालयीन कोठडी), म्हणजेच जेल. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. विदर्भात नागपूर व अमरावती येथे मध्यवर्ती कारागृहे आहेत; अकोला, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, बुलढाणा येथे जिल्हा कारागृहे. ती नागपूरच्या पूर्व विभागात मोडतात आणि राज्याचे कारागृह मुख्यालय पुण्यात आहे.

कच्च्या कैद्याचा मुक्काम किती लांबेल हे पुष्कळदा गुन्ह्यापेक्षा जामीनदारावर ठरते. न्यायाधीशांनी जामीन मंजूर केला तरी दार लगेच उघडत नाही. जामीनदार हजर करावा लागतो. त्याचा सातबारा, आधार, रेशन कार्ड, घरटॅक्सची पावती आणि अनेकदा तहसीलमधून काढलेली सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, लागते. आरोपी फरार झाला तर बंधपत्राची रक्कम जामीनदाराकडून वसूल होते, म्हणून शेत असलेला माणूस सहजी पुढे येत नाही. भूमिहीन मजुराच्या नातेवाइकांतही सातबारा कुणाच्याच नावे नसतो. मग न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार गाठावे लागतात, आणि त्यासाठी घरातली शेळी किंवा बायकोचे डोरले विकले जाते. जामिनाचा कागद हातात असूनही माणूस आत राहतो, हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय आहे.

तो दूर करण्याची साधने कायद्यात आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपीला निर्धन समजून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर, सोडायचे असते. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिना उलटला तर न्यायालय अटी शिथिल करण्याचा विचार स्वतःहून करू शकते. पहिलाच गुन्हा असलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ आत काढला की संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे सुटका मागता येते, आणि तसा अर्ज करणे अधीक्षकाचे कर्तव्य आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळले आहेत.

याच कलमाची दुसरी अट गरिबांना नडते: एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले चालू असतील तर ही सवलत मिळत नाही. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत मोहाची दारू गाळणाऱ्या एकाच माणसावर केसेस साचत जातात. फासेपारध्यांचेही तसेच. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण अमरावती, अकोला, यवतमाळकडे चोरी झाली की संशय आजही आधी पारधी बेड्यावर (वस्तीवर) जातो.

अंतर हा वेगळाच जाच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून नागपूर ३०० किलोमीटरहून दूर. मेळघाटातल्या धारणीच्या कोरकू कुटुंबाला अमरावतीच्या मुलाकातीसाठी घाट उतरून यावे लागते आणि मजुरी बुडते ती वेगळीच. पेशीला नेण्यासाठी पोलीस गार्ड मिळाला नाही की तारीख पुढे ढकलली जाते. आता बरेच आरोपी व्हिडीओ कॉन्फरन्सिंगवर हजर केले जातात. त्याने प्रवास वाचतो, पण वकिलाच्या कानाला लागून दोन शब्द बोलण्याची संधी जाते. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्याला तर दुभाष्याविना पडद्यावर काय चालले आहे तेही कळत नाही.

कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने मोफत वकील मिळतो. आरोपीच्या घरच्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज केला किंवा १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालते. गावोगावी ही माहिती पोलीस पाटलाने आणि ग्रामपंचायतीने दिली पाहिजे.

शिक्षा झालीच तर आत काढलेले दिवस तीतून वजा होतात. निर्दोष सुटलेल्याला त्या दिवसांची भरपाई हक्काने मिळवून देणारी सर्वसाधारण तरतूद भारतीय कायद्यात नाही.