व्ह्यू बनवायला देण्याआधी: लॅमिनेट, टाईल आणि लाईटची माहिती कशी पाठवायची

नमस्कार. आमच्याकडून फ्लॅटचे, बंगल्याचे, दुकानाचे इंटिरियर व्ह्यू, म्हणजे खोली तयार झाल्यावर कशी दिसेल त्याचं कॉम्प्युटरवरचं चित्र, बनवून घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. व्ह्यू पाठवला की बहुतेक वेळा दोनच निरोप येतात, "भाऊ, लॅमिनेटचा रंग तो नाही वाटत" आणि "थोडं ब्राईट करून द्या ना". दोन्हीचं मूळ असतं काम सुरू व्हायच्या आधी आम्हाला मिळालेल्या माहितीत. आधी रंगाचं बघू, तिथे घोळ करतो तो मटेरियलचा मोबाईलवर काढलेला फोटो.

नागपूरच्या लकडगंजला दुकानात उभं राहून लॅमिनेटच्या (सनमायकाच्या) तुकड्याचा फोटो काढला, व्हॉट्सअपवर टाकला, खाली लिहिलं "हे वॉर्डरोबला", झालं. आता त्या फोटोत काय काय आलं बघा. वर ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब, तिची रेघ ग्लॉसी तुकड्यावर चमकतेय, फोनने आपल्या मनाने रंग बदललाय, तुमच्या हाताची सावली एका कोपऱ्यात, आणि व्हॉट्सअपने फोटो दाबून लहान केला तो वेगळाच. हाच फोटो व्ह्यूमध्ये वॉर्डरोबच्या सात फुटी शटरवर, म्हणजे दारावर, लावला तर ट्यूबची ती रेघ लाकडाच्या डिझाईनचा भाग होऊन बसते आणि दर वीतभर अंतरावर परत परत दिसते. त्यावर आम्ही तुमच्या बेडरूमचा वॉर्म लाईट टाकतो, म्हणजे एकाच लॅमिनेटवर दोन ठिकाणचा उजेड. नेमकं काय चुकलं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खोटं वाटतं हे लगेच कळतं.

साईझचा घोळ तर याहून मोठा. शीट असते ८ बाय ४ फुटाची आणि हातातला तुकडा तळहाताएवढा, त्यामुळे रेषा एक इंचावर बदलतात की फुटावर हे त्यातून कळतच नाही. अंदाजाने लावलं तर लाकडी डिझाईनच्या बारीक रेषा बोटाएवढ्या जाड दिसतात आणि मग तुम्ही म्हणता हे लॅमिनेट नको, दुसरं दाखवा. चांगलं मटेरियल निव्वळ चुकीच्या साईझमुळे रद्द होतं, आम्हाला वाईट त्याचंच वाटतं.

म्हणून फोटोपेक्षा तुकड्याच्या मागचा कोड पाठवा. कंपनी, कोड आणि फिनिश, म्हणजे स्वेड (हाताला जरा खरखरीत, चमक नसलेलं), मॅट की हाय ग्लॉस, एवढं पुरे. कोडवरून कंपनीच्या कॅटलॉगमधून पूर्ण शीटची इमेज घेऊन आम्ही ती बरोबर ८ बाय ४ च्या मापात बसवतो. कोड नसेलच तर तुकडा ऑफिसला आणून द्या, आम्ही स्कॅन करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. टाईलचंही तसंच, ६०० बाय १२०० की ८०० बाय १६०० मिलीमीटर ते लिहा आणि मार्बल टाईपची असेल तर दुकानदाराला त्या डिझाईनचे सगळे प्रिंट मागा, कारण बॉक्समधली प्रत्येक टाईल सारखी नसते आणि आम्ही एकच प्रिंट सगळीकडे लावला तर फरशी वॉलपेपरसारखी दिसते.

फिनिशवर आम्ही एवढा जोर का देतो, तर रंग तोच असला तरी स्वेडवर उजेड पसरून मऊ होतो आणि हाय ग्लॉसमध्ये छतातल्या प्रोफाईल लाईटची (लांब पट्टीसारख्या लाईटची) सरळ रेघ उमटते. कडांचंही तसंच आहे, खऱ्या फर्निचरची कड ब्लेडसारखी धारदार कधीच नसते, ती जराशी गोल असते आणि उजेड आधी तिथेच पकडते, म्हणून आम्ही व्ह्यूमधल्या प्रत्येक शटरची कड मिलीमीटरभर गोल करून घेतो. काही जण विचारतात की दुसरीकडे एका संध्याकाळीत व्ह्यू मिळतो, तुम्हाला वेळ का लागतो, तर वेळ लागतो तो इथे.

आता ब्राईटचं. पांढरी भिंत सुद्धा पडलेला सगळा उजेड परत देत नाही, चांगला पांढरा रंग साधारण ८० टक्के देतो, आम्ही तेवढाच ठेवतो. पूर्ण १०० केला तर उजेड खोलीत फिरतच राहतो, सोफ्याखालची सावली जाते, कोपरे जातात, सोफा हवेत तरंगल्यासारखा दिसतो. खोली अंधारी वाटत असेल तर कुठला कोपरा ते सांगा, तिथे खराच लाईट लागत असेल तर तो इलेक्ट्रिशियनच्या ड्रॉईंगमध्येही टाकावा लागेल ना.

दिवसाच्या व्ह्यूसाठी खिडकीची दिशा नक्की कळवा. नागपूरला जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावर, खरं तर जरासा उत्तरेलाच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा थेट ऊन येत नाही. डिसेंबरात तोच भर दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर, खिडकी सात फुटापर्यंत असेल आणि वर छज्जा नसेल तर ऊनही जवळपास सात फूट आत. आणि कूलर! खिडकीला कूलर बसणार असेल तर प्लीज आधी सांगा, आम्ही पडद्यातून छान ऊन दाखवतो आणि प्रत्यक्षात तिथे चार महिने पत्र्याचा डबा असतो.

रात्रीच्या व्ह्यूला लाईट ३००० केल्विन (पिवळसर) की ४००० (त्याहून पांढरा), आणि किती वॅटचे, ते लिहा. डाउनलाईटची (छतातून खाली उजेड टाकणाऱ्या लाईटची) कंपनी ठरली असेल तर बहुतेक वेळा तिची आयईएस फाईल मिळते, त्यात लाईटचा उजेड कुठल्या दिशेला किती पडतो याची मापं असतात, त्यावरून भिंतीवर पडणारा झोत खऱ्यासारखा येतो.

आम्ही आधी सगळं राखाडी ठेवून फक्त उजेडाचा व्ह्यू पाठवतो. "रंग कुठे आहेत" असा फोन येतो, पण उजेड तिथे पक्का झाला की नंतर रंगावर वाद होत नाही, म्हणून ही पायरी आम्ही सोडत नाही. रंग भरल्यावर दोन बदल आमच्याकडून मोफत, कोड आम्ही चुकीचा लावला असेल तर तो बदल मोजत नाही, पण मटेरियलच बदललं तर पुढचा चार्ज लागतो. फायनल व्ह्यूसोबत सगळ्या कोडची लिस्ट देतो, ती सुताराला तशीच द्या. फक्त दुकानातला सॅम्पलचा फोल्डर जुना असेल तर ती शीट अजून मिळते का हे कोड पाठवायच्या आधी दुकानदाराला विचारून घ्या, बंद झाली असेल तर जवळचे पर्याय आम्ही शोधून ठेवू.