‘सविनय सादर’ ते कव्हर लेटर: गोव्यातल्या अर्जाचा प्रवास

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीसाठी कव्हर लेटर लिहायला बसलेला पदवीधर पहिल्याच ओळीला अडतो. मजकूर इंग्रजीत असतो, पण डोक्यात ‘महोदय, सविनय विनंती की’ घुमत असतं. ही सवय कालची नव्हे.

‘अर्ज’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अर्थ सरळ आहे: वरिष्ठापुढे मांडलेलं म्हणणं. मोडीतल्या जुन्या पत्रव्यवहारात मजकुराइतकाच मान मायन्याला असे. कुणाला ‘शिरसाष्टांग नमस्कार’, कुणाला नुसता ‘आशीर्वाद’, याचा हिशेब लिहिणाऱ्याला पाठ असावा लागे.

गोव्यात यावर पोर्तुगीज कारभाराचा थर चढला. सरकारदरबारी काही मागायचं तर ‘रेकेरिमेंतु’ करायचा, तोही ‘पापेल सेलादु’वर, म्हणजे मुद्रांकाच्या कागदावर. त्याची घडण मला फार बोलकी वाटते. अमक्याचा मुलगा तमका, विवाहित, राहणार अमुक गाव, तो आदरपूर्वक मागणी करतो, असं अर्जदार स्वतःबद्दल तृतीय पुरुषात लिही आणि शेवटी मागणी मंजूर व्हावी म्हणून ‘पेदे देफेरिमेंतु’. अख्ख्या कागदात ‘मी’ नाही!

हिंदूंच्या हाती ही लेखणी उशिरा आली. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, कायद्याने समान हक्क मिळाले आणि सरकारी नोकरीची वाट मोकळी झाली. भाषा मात्र पोर्तुगीजच. ती न येणाऱ्याला दुसऱ्याकडून कागद लिहून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पोटासाठी मुंबई गाठलेल्यांचं गणित वेगळं होतं. धोबीतलावाच्या आसपासच्या गावोगावच्या कुडींत, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, उतरणाऱ्याला कागदापेक्षा ओळख कामाला येई. घरगडी, स्वयंपाकी यांना आधीच्या मालकाची चिठ्ठी लागे. हीच चिठ्ठी इंग्रजीत ‘चिट’ होऊन बसली. (वशिला तेव्हापासूनचा म्हणायचा की त्याही आधीचा, हा वाद नको.)

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि कचेरीत इंग्रजी आली. १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक सुरू झालं, सरकारी जाहिरातींत ‘साध्या कागदावर अर्ज करा’ दिसू लागलं. मुद्रांक गेला, वाकणं राहिलं. टायपिंग क्लासातून ‘आय बेग टू अप्लाय’ आणि ‘युवर ओबिडियंट सर्व्हंट’ शिकून पिढ्या बाहेर पडल्या. मराठीत त्याचा ‘आपला आज्ञाधारक’ झाला. आता सरकारी भरतीचा अर्ज ऑनलाइन, चौकटी भरायच्या. चार ओळी स्वतःच्या लिहायला तिथं जागाच उरलेली नाही. ती वेळ येते खासगी कंपनीकडे जाताना.

आणि कव्हर लेटरचा जन्म अर्जातून नव्हे, लिफाफ्यातून झाला. आतल्या कागदांवर ठेवायचं, त्यांची ओळख करून देणारं ते पत्र. अमेरिकेतल्या नोकरीच्या जाहिरातींत १९५० च्या दशकात ते रेझ्युमेसोबत मागितलं जाऊ लागलं. शिक्षण, अनुभव, जन्मतारीख हे सगळं वेगळ्या कागदावर गेल्यावर पत्राला एकच काम उरलं: या जागेला मी का, ते सांगणं. बायोडाटाच पुन्हा पत्रात उतरवणारे हे काम वाया घालवतात.

लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी तयार केलेल्या पत्राचा दाखला यासाठी नेहमी दिला जातो, आणि रास्तच आहे. स्फोर्झाला युद्धाची चिंता. म्हणून हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं आधी. चित्रकला अगदी शेवटी. वाचणाऱ्याची अडचण आधी, आपली हौस नंतर.

‘स्टोअरकीपरच्या जागेसाठी लिहीत आहे. दोन वर्षं औषधांच्या गोदामातली आवक-जावक मी सांभाळली. तुमच्या जाहिरातीतही तेच काम आहे.’ ओळखीतल्या मुलांना मी अशी सुरुवात सुचवतो. बहुतेक जण ती दोनदा वाचतात आणि विचारतात, ‘‘मी’ काढून टाकला तर नाही का चालणार?’